आधी वजन कमी करते, मग येते: शरीराची लाज वाटणाऱ्या मोठ्या माणसांसाठी

एक कागद घ्या, मोबाइलमधलं नोट्स पण चालेल, आणि वर लिहा 'बारीक झाले की मग'. तुमचं वेगळं असेल तर ते लिहा, केस परत आले की मग, चेहऱ्यावरचे डाग गेले की मग, डिलिव्हरीनंतरचं पोट आत गेलं की मग. आता त्याच्याखाली जे जे पुढे ढकललंय ते सगळं लिहून काढा, कोणाला दाखवायचं नाहीये. शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर. टँकवर पोहायला जाणं. ढोल पथकात नाव घालायचं होतं पण कमरेला ढोल बांधला की पोट किती दिसेल म्हणून राहिलं. स्लीव्हलेस ब्लाउज. गायनॅककडची तपासणी, कारण तिथे आत गेलं की पहिलं काट्यावर उभं करतात. ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत बसणं. लिहायला लागलं की पान भरतं आणि वाचताना जरा पोटात गोळा येतो, कारण त्यातल्या काही गोष्टी चांगल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या असतात.

पुढे मी जे सांगणारे ते सगळं एवढ्यासाठीच की या लिस्टमधली एकेक गोष्ट आत्ता आहे त्या शरीरानिशी करून टाकायची. वजन कमी करायचं असेल तर करा ना, कोणी अडवत नाहीये, फक्त त्याचा आणि या लिस्टचा संबंध तोडायचा. आपल्याला वाटत असतं की लाज गेली की मी पोहायला जाईन, पण लाज अशी घरी बसून जात नाही, ती पोहायला गेल्यावर, तेही चार-सहा वेळा गेल्यावर, कमी होते. सगळी गंमत या क्रमात आहे.

आणि एक आधीच सांगते, स्वतःच्या शरीराच्या प्रेमात पडायची काही सक्ती नाही. आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे, मी परफेक्ट आहे' असं म्हणायला सांगणारे रील्स भरपूर आहेत, मला ते कधी झेपलं नाही, ज्याला मनातून पटत नाही त्याला ते म्हणताना उलट खोटं बोलल्यासारखं होतं. शरीर ठीक आहे, माझं आहे, त्याला घेऊन मला आज मंडईत जायचंय, इतकं पुरतं.

आता आरसा. आरशाचे दोन प्रकारचे लोक असतात, एक जे आरसा टाळतात आणि दुसरे जे दिवसातून वीस वेळा बघतात, लिफ्टमध्ये, गाडीच्या काचेत, दुकानाच्या काचेत, पोट आत ओढून, दंडाची चरबी चिमटीत धरून. दोन्ही एकाच दुखण्याची तोंडं आहेत. जे सतत तपासतात त्यांनी तपासणं मोजायचं आणि कमी करायचं, चिमटे काढणं बंद, वजनकाटा कपाटावर. वजन एका दिवसात एक-दीड किलो इकडेतिकडे होतं ते नुसतं पाण्याने, मिठाने, पाळीच्या तारखेने, तेव्हा रोज सकाळी काट्यावर उभं राहून स्वतःला जी शिक्षा देतोय ती बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्याची असते. आणि जे आरसा टाळतात त्यांच्यासाठी काउन्सेलर लोक एक व्यायाम देतात तो घरी करता येतो: पूर्ण उंचीच्या आरशासमोर उभं राहायचं, साध्या कपड्यांत, आणि डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचं, पण पंचनामा लिहिल्यासारखं. म्हणजे 'भयानक मांड्या' असं नाही, 'मांड्या रुंद आहेत, आतल्या बाजूला रंग गडद आहे, डाव्या गुडघ्यावर लहानपणी पडल्याची खूण आहे'. विशेषण मनात आलं की थांबायचं, परत वस्तुस्थिती सांगायची. पाच-दहा मिनिटं. सुरुवातीला रडू येतं काही जणींना, येऊ दे. नजर नेहमी जिथे जाऊन अडकते तिथे जास्त थांबू नका, कोपर, कान, पाठ, सगळ्याला सारखा वेळ द्या.

फोनचा कॅमेरा हा आरसा नव्हे हे पण डोक्यात पक्कं करा. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की फोन चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर धरून सेल्फी काढला तर नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे सेल्फी बघून नाकाचं दुःख करणारे लोक लेन्सचं दुःख करत असतात. पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या ट्रायल रूमचंही तेच, डोक्यावर उघडी ट्यूब, खाली सगळ्या सावल्या, त्यात कोणीही आजारी दिसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सगळे बघतात'. कोण बघतं? कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, 2000 साली छापून आला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी नक्की पाहिलं. प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांना तो आठवला. बाकीचे आपापल्या विचारात. तुम्हीच बघा, परवा पीएमपीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचे दंड कसे होते आठवतंय? नाही ना. (पुण्यात लोक बघत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही, सदाशिव पेठेत बघतात, पण ते सगळ्यांकडेच बघतात आणि मुख्यतः तुम्ही गाडी कुठे लावली ते बघतात.)

आता मुख्य काम, लिस्टवरच्या गोष्टी करायच्या कशा. अल्बर्ट एलिस नावाचे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ होते, 1955 च्या सुमारास त्यांनी एक उपचारपद्धती काढली, आता तिला आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणतात, आपल्याकडे मराठी लोकांपर्यंत ती पोचवली कि. मो. फडके यांनी, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून. एलिस आपल्या पेशंटना मुद्दाम लाज वाटेल अशा गोष्टी करायला पाठवायचे, भर रस्त्यात केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं फिरवायचं, ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनांची नावं ओरडायची. कोणाला इजा होईल, नोकरी जाईल असलं काही नाही, फक्त मूर्ख दिसाल असं. घरी आल्यावर पेशंटला कळायचं की लोक हसले, एक-दोघांनी नाक मुरडलं आणि मी अजून जिवंत आहे. लाज वाटणं आणि आपण लाजिरवाणे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्याला ऐकून पटत नाही, असं काहीतरी करूनच पटतं.

तुम्हाला केळं फिरवायची गरज नाही, तुमची लिस्ट आहे. तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्या, करायची नुसती कल्पना केली तर किती धडधडतं त्याचे. सुरुवात तीन-चार मार्कवाल्यापासून करायची, नऊवालीला लगेच हात घालायचा नाही, नाहीतर एकदा फजिती झाली की परत वर्षभर दार बंद. उदाहरणार्थ, दंडांची लाज असेल तर पहिल्यांदा घरात पाहुणे असताना स्लीव्हलेस, मग सोसायटीच्या खाली दूध आणायला, मग पहाटे टेकडीवर, मग रविवारी मंडईत. टक्कल लपवायला कायम कॅप घालणाऱ्याने आधी ऑफिसच्या कँटीनमध्ये कॅप काढायची, एफसी रोडला नंतर. खाण्याची लाज असेल, म्हणजे मैत्रिणींसमोर सूप घ्यायचं आणि घरी येऊन फ्रिजसमोर उभं राहायचं असा प्रकार, तर एकटीने हॉटेलात बसून एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, मागवायची आणि शांतपणे, फोन न बघता, संपवायची. ही सात-आठ मार्कांची आहे, हसू नका.

यात दोन-तीन नियम आहेत आणि ते पाळले नाहीत तर उपयोग होत नाही. एक, लपवायची साधनं बरोबर न्यायची नाहीत. पोटावर पर्स धरून बसणं, ओढणी सारखी सारखी पुढे ओढणं, उन्हाळ्यात जॅकेट, फोटोत कोणाच्यातरी मागे अर्धं उभं राहणं. हे सगळं चालू ठेवून गेलात तर डोकं म्हणणार की पर्स होती म्हणून निभावलं. दुसरं, धडधड वाढली की पळायचं नाही. तिथेच थांबायचं, हळूहळू ती आपोआप उतरते, आणि ती उतरलेली अनुभवणं हेच तर करायचंय, सगळ्यात वर असताना निघून गेलात तर डोक्याने शिकलं की पळालो म्हणून वाचलो. तिसरं, तीच गोष्ट परत परत. एकदा करून मैत्रिणीला सांगितलं आणि झालं असं नसतं, दर वेळी आधी किती मार्क होते आणि नंतर किती हे लिहून ठेवा, कंटाळा यायला लागला की ती गोष्ट झाली.

टँकचं जरा सविस्तर सांगते कारण बऱ्याच जणींच्या लिस्टवर तो असतो. पुण्यातल्या बहुतेक टँकवर लेडीज बॅच वेगळी असते, आधी एकदा नुसतं जाऊन बघून या. तुम्हाला तिथे साठीच्या, सत्तरीच्या काकू दिसतील, गुडघेदुखीसाठी येणाऱ्या, सिझेरियनचे व्रण असलेल्या, सगळ्या आकारांच्या, आणि त्या शॉवरखाली उभं राहून भाजीच्या भावावर बोलत असतात. मोठ्या माणसांची खरी शरीरं आपण बघितलेलीच नसतात हा अर्धा प्रॉब्लेम आहे. बघितली असतात ती स्क्रीनवरची. कॉस्च्युम गुडघ्यापर्यंतचा मिळतो, तो घ्या, हे लपवणं नाही, मांड्या घासत नाहीत म्हणून बरा पडतो. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतची पंधरा-वीस पावलं अवघड आहेत, ती टॉवेल न गुंडाळता चालायची. एकदा पाण्यात गेलं की काही नाही.

हे शरीर झाकण्याचं, नावं ठेवण्याचं प्रकरण आपल्याकडे जुनं आहे आणि त्याला विरोध पण जुना आहे. र. धों. कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, त्यात ते उघडपणे लिहायचे की नग्न शरीरात मुळात अश्लील काही नाही, त्यासाठी खटले भरले गेले त्यांच्यावर, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि दुसऱ्या बाजूला बघा, फेअर अँड लव्हली 1975 साली आली आणि नावातला 'फेअर' जायला 2020 उजाडलं. मधल्या काळात आपण मोठे झालो. लग्नाच्या बायोडेटात अजूनही 'वर्ण' हा रकाना आहे, आणि निमगोरी नावाचा एक रंग फक्त तिथेच सापडतो. म्हणून स्वतःला विचारा की 'तू जाड आहेस', 'तू काळी आहेस' हे जे काही तुमचं वाक्य असेल ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं, कितवीत होते, ते कोण होते. अनेकदा उत्तर मिळतं की पी.टी.च्या सरांनी किंवा एका मावशीने सहज म्हटलेलं, आणि त्या बिचारीला आता ते आठवत पण नसेल. मागचं इतकंच उकरा, त्यात वर्षभर राहू नका.

नातेवाईक. उत्तर आधी ठरवून ठेवा, कारण हळदीकुंकवात ऐनवेळी सुचत नाही आणि मग रात्री दोन वाजता भारी भारी उत्तरं सुचतात. लांबच्या लोकांसाठी विषय बदलणं पुरतं:

'अगं केवढी सुटलीयेस!'
'हो का. काकू, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?'

बास. त्या पुढचा अर्धा तास गुडघ्यावर बोलतात. बारीक असणाऱ्यांनाही हेच, 'खात नाहीस का रे काही' हे पण टोचतं, काडीपैलवान म्हणून आयुष्य काढलेल्या मुलाला विचारा. पण आईला असं उडवून चालत नाही, तिच्याशी चारचौघांत नको, दोघीच असताना, भांडण चालू नसताना बोलायचं आणि नेमकं बोलायचं: 'आई, तू ताटात बघून काही बोललीस की मी तेव्हा उठते आणि रात्री चोरून खाते. मला माहितीये तुला काळजी वाटते. पण वजनावर तू बोलू नकोस, मला विचारायचं असेल तर माझी झोप कशी आहे विचार.' एकदा सांगून भागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती जीभ चावते, तेवढं पण खूप आहे. सासूबाईंच्या बाबतीत नवऱ्याने बोलायचं, ते त्याचं काम.

मित्रांमधली चेष्टा हा पुरुषांचा वेगळाच त्रास आहे. टकल्या, बुटक्या, ढेरपोट्या हे सगळं प्रेमाने चाललेलं असतं म्हणे आणि राग आला तर 'काय यार, चेष्टा पण कळत नाही'. छाती थोडी वाढलेली असेल तर तो मुलगा चाळिशीतही टीशर्टच्या आत बनियन घालून घामाघूम होतो आणि डॉक्टरकडे जात नाही. ते जाऊन दाखवावं, कारण कधी हार्मोन्स असतात, कधी एखादं औषध असतं, कधी नुसती चरबी, आणि उपाय आहेत. जिममध्ये कोणीतरी चुपचाप दिलेली इंजेक्शनं मात्र उपाय नाहीत, स्टेरॉइड्सनी छाती उलट वाढू शकते.

कपडे. आत्ताच्या मापाचे घ्या. कपाटातली ती जीन्स, जी 'परत बसेल तेव्हा'साठी ठेवलीये, तिला रोज सकाळी तोंड दाखवायचं काही कारण नाही, बॅगेत भरून माळ्यावर टाका, द्यायला जीव होत नसेल तर. तुळशीबागेतलं 'फ्री साइझ' कोणालाच फ्री नसतं, आणि ब्रँड बदलला की एम चा एल होतो, म्हणून आकड्याकडे न बघता बसून, वाकून, हात वर करून बघा. आणि टेलर शोधा. पुण्यात अजून गल्लीबोळात चांगले टेलर आहेत, त्यांना आत माया ठेवायला सांगा, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी उसवून सैल करता येतं आणि कपडा तुमच्याप्रमाणे बदलतो. टोचणारं इलॅस्टिक दिवसभर आठवण करून देतं की तू जाड आहेस, ते काढलं तर निम्मा दिवस आठवण पण येत नाही.

तब्येतीचं काय, असं कोणीतरी विचारणारच, आणि बरोबर आहे विचारणं. पण दिसण्यावरून तब्येत कळते हा समज सोडा, तो पुण्यातच खोडला गेलाय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. 2004 साली दोघांचा फोटो आणि हे आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर होऊ शकते, आणि 'किती छान मेंटेन केलंय' म्हणत आपण त्याला तपासणीपासून लांब ठेवतो, तर जाड माणूस टोमण्यांच्या भीतीने दवाखान्यात जात नाही. दोघांचं नुकसान. म्हणून बीपी, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कंबरेचा घेर, थायरॉइड, पाळीची गडबड असेल तर त्याच्या तपासण्या, हे करायचं, आणि डॉक्टरला आधीच सांगायचं की 'वजनाचं मला माहितीये, आज मी ज्या दुखण्यासाठी आलेय ते आधी बघा'. ऐकून घेत नसतील तर डॉक्टर बदला, शहरात कमी आहेत का.

लाजेपोटी उपाशी राहणं मात्र नको. ज्या अँसेल कीज यांनी 1972 मध्ये बीएमआयला बीएमआय हे नाव दिलं, त्यांनीच 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना कित्येक महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ती पोरं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, चिडचिडी झाली. तेव्हा सोमवारी सुरू केलेलं डाएट गुरुवारी मोडतं त्यात तुमचं चारित्र्य वगैरे काही नाही, उपाशी शरीर असंच वागतं.

त्वचेचंही तेच, गोरं करणाऱ्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते आणि क्रीम बंद केली की आग होते, तेव्हा मेडिकलवाल्याने हातात दिलेली ट्यूब लावू नका. कोड असेल तर ते संसर्गाने पसरत नाही हे घरच्यांना ठणकावून सांगा, आणि पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे, तिथे कोड असलेले लोक एकमेकांना भेटतात, एकट्याने लढण्यापेक्षा ते बरं.

बेडरूमचा विषय मराठीत कोणी काढत नाही म्हणून मी काढते. लाइट बंद, अंगावर चादर, आणि डोक्यात सतत 'आत्ता पोट कसं दिसत असेल', यात सुख कुठून येणार. एकदम सगळे दिवे लावायला सांगत नाही, बाहेरच्या खोलीचा दिवा चालू आणि दार अर्धं उघडं, इथून सुरू करा. आणि जोडीदाराला सांगा की मला लाज वाटते. नाहीतर तुम्ही थकलात, रागावलात, कंटाळलात असं समोरचं माणूस समजत बसलेलं असतं. लक्ष पोटावर गेलं की त्वचेला काय जाणवतंय तिकडे परत आणायचं, दहा वेळा गेलं तर दहा वेळा.

आता हे घरगुती उपाय कुठे पुरत नाहीत ते. रोज तास-दोन तास आरशात एकच दोष बघण्यात जात असतील आणि बाकी कोणाला तो दोष दिसतच नसेल, जेवून मुद्दाम उलटी होत असेल, जुलाबाच्या गोळ्या, दिवसदिवस उपास, पाळी बंद, किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मदत घ्या. पहिल्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, तो आजार आहे, थेरपी आणि औषधं दोन्हींचा त्यात उपयोग होतो, आणि नाकाचं ऑपरेशन करून तो सहसा जात नाही, लक्ष फक्त दुसऱ्या अवयवावर जातं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात ससून या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, खाजगी फी झेपत नसेल तर तिथे जा. पहिल्या वेळी काय बोलायचं सुचलं नाही तर तो लिस्टचा कागद नेऊन टेबलावर ठेवा आणि म्हणा, हे सगळं माझं राहिलंय, पुढचे प्रश्न ते विचारतात.